सक्तीच्या स्वागताचे अर्थशास्त्र

शिलाई मशीनवर बसून पाय चालवला की सुई चालू लागते. सायकलीवर टांग मारली की चाक फिरते. यंत्र आणि त्याचा धनी यांच्यातील हा संबंध इतका जुना व इतका साधा आहे की त्याविषयी वेगळा विचार करण्याची आवश्यकता आपल्याला कधी भासली नाही. संगणक आणि त्याचेच धाकटे भावंड असलेला मोबाइल फोन ही दोन यंत्रे मात्र या नियमाला अपवाद ठरू लागली आहेत. त्यांची कळ दाबल्यावर प्रथम काम सुरू होत नाही. प्रथम यंत्र बनविणाऱ्याच्या, आज्ञावली लिहिणाऱ्याच्या अथवा या दोघांशीही संबंध नसलेल्या कुणा तिसऱ्याच्या गुणगौरवाचा पडदा उघडतो. तो पाहून झाल्याखेरीज पुढे जाता येत नाही, आणि तो बंद करण्याची सोय बहुधा नसते. असलीच तर ती सात पडद्यांआड दडविलेली असते.

कचेरीत हिशेबाची आज्ञावली उघडणारा कारकून, शाळेत हजेरीचे ॲप उघडणारा शिक्षक आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी वडिलांचा फोन हाती घेतलेला विद्यार्थी, या तिघांचाही अनुभव एकच आहे. बोधचिन्ह गरगरत राहते. नव्या आवृत्तीत काय आहे याचे निरूपण होते. ‘आजची युक्ती’ सांगितली जाते. सणावारी शुभेच्छा येतात. ‘आम्हांला पाच तारे द्या’ अशी विनवणी होते. दूरचित्रवाणी संच लावावा तर बातम्यांच्या आधी उत्पादकाने मांडलेले दुकान दिसते. वेळ पाहण्यासाठी फोन खिशातून काढावा तर कुलूपबंद पडद्यावरच कुणा नटीच्या विवाहाची वार्ता झळकत असते.

दोनचार सेकंदांच्या या बाबीसाठी वृत्तपत्राची जागा कशाला खर्ची घालावी, असे काही वाचकांना वाटेल. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, यात सेकंदांहून अधिक मोलाची एक गोष्ट खर्च होत आहे. न वाचता पुढे जाण्याची, न समजता होकार देण्याची सवय हे पडदे आपल्या समाजाला लावीत आहेत. आणि ज्या काळात एका चुकीच्या होकाराने आयुष्याची पुंजी बँकेतून नाहीशी होऊ शकते, त्या काळात ही सवय क्षुल्लक मानता येणार नाही.

पडदा आला कोठून?

या पडद्याचा जन्म मात्र प्रामाणिक होता. प्रारंभीच्या वैयक्तिक संगणकांत आज्ञावली फ्लॉपीवरून अथवा मंद गतीच्या हार्ड डिस्कवरून यंत्राच्या स्मृतीत येण्यास बराच वेळ लागे. तेवढा वेळ समोर काहीच दिसले नाही तर यंत्र बिघडले असे समजून माणूस पुन्हा पुन्हा कळ दाबी आणि गोंधळ अधिकच वाढे. ‘काम चालू आहे, थोडे थांबा’ एवढे सांगणारे चित्र दाखविणे हा सौजन्याचा भाग होता. संगणकाच्या परिभाषेत त्यास स्प्लॅश स्क्रीन म्हणतात. आपण त्याला स्वागताचा पडदा म्हणू.

पुढे यंत्रे शतपटींनी वेगवान झाली. ज्या विलंबासाठी हा पडदा योजला होता तो विलंब पुष्कळशा आज्ञावल्यांत उरला नाही, पण पडदा उरला. कारण मधल्या काळात त्याला दुसरे काम मिळाले होते. माणूस काम सुरू करण्यास उत्सुक असतो, त्याची दृष्टी पडद्यावर खिळलेली असते आणि तो दुसरीकडे कोठे जाऊ शकत नाही. जाहिरातदाराला याहून अधिक चांगला मुहूर्त कोणता मिळणार?

या क्षेत्रातील जाणत्या मंडळींना ही गोष्ट ठाऊक नाही असेही नाही. ॲपल कंपनीच्या रचनाविषयक मार्गदर्शनात, आरंभीचा पडदा ही आपले बोधचिन्ह मिरविण्याची जागा नव्हे, असे आज्ञावलीकारांना बजावलेले आहे. उलट गूगलने २०२१ मध्ये अँड्रॉइडची बारावी आवृत्ती आणली, तेव्हा प्रत्येक ॲपच्या आरंभी स्वागताचा पडदा असलाच पाहिजे अशी व्यवस्था केली. त्यावरील हालचाल एका सेकंदाहून अधिक लांबवू नये अशी शिफारस तिने केली आहे. तथापि तो पडदा नकोच म्हणण्याचा मार्ग ना आज्ञावलीकाराला ठेवला, ना फोनच्या मालकाला. याआधी मायक्रोसॉफ्टनेही विंडोज व्हिस्टा सिद्ध होत असताना, २००६ च्या सुमारास, संगणक सुरू होतानाचा नाद वापरकर्त्याला बंद करता येऊ नये असा विचार केला होता. वाचनालयात अथवा झोपलेल्या बाळाशेजारी संगणक लावणाऱ्याने काय करावे, असा साधा प्रश्न लोकांनी विचारला, गदारोळ झाला आणि अखेर तो नाद बंद करण्याची सोय द्यावी लागली. या प्रसंगाचे तात्पर्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे: कळ देणे तांत्रिकदृष्ट्या कधीच अवघड नव्हते.

एकलहऱ्याचा धडा

यावर कोणी म्हणेल, की आरंभीची प्रतीक्षा ही सर्वच मोठ्या यंत्रांच्या बाबतीत अपरिहार्य असते. हा मुद्दा तपासून पाहण्यास नाशिकरोडजवळच्या आमच्या एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्रासारखे उदाहरण नाही. तेथील २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात उभे राहिले. अशा संचाचा बॉयलर बंद पडला आणि पुन्हा पेटवावयाचा झाला, तर लगेच ज्योत लावता येत नाही. आधी मोठे पंखे चालू करून भट्टीतून हवेचा झोत सुमारे पाच मिनिटे सोडावा लागतो. आत न जळलेले तेल, कोळशाची पूड अथवा त्यांचे वायू शिल्लक असतील तर ते धुराड्यावाटे निघून जावेत, हा त्यामागील हेतू. ते न करता ज्योत लावली तर भट्टीत स्फोट होऊ शकतो. म्हणून ही पाच मिनिटे टाळण्याची मुभा कोणाला ठेवलेलीच नसते. ती पुरी झाल्याखेरीज यंत्रणा इंधनाची वाट मोकळी करीत नाही. महाराष्ट्र विजेची कितीही वाट पाहत असला तरी तेथे उभ्या असलेल्या अभियंत्याला थांबावेच लागते, आणि या सक्तीबद्दल त्याची तक्रार नसते.

सक्तीची प्रतीक्षा म्हणजे अन्यायच असे त्यामुळे सरसकट म्हणता येत नाही. ती कोणाच्या हितासाठी आहे, हा खरा प्रश्न. बॉयलरपुढची पाच मिनिटे तेथे काम करणाऱ्याचा जीव राखण्यासाठी असतात. संगणकावरचे पाच सेकंद बहुधा समोर बसलेल्याच्या कामाचे नसतात. ते दुसऱ्याच कोणाच्या तरी फायद्याचे असतात. पहिल्या सक्तीस आपण सुरक्षा म्हणतो. दुसरीला जकात म्हणावयास हरकत नसावी, आणि तीही अशी जकात की जिची पावती मिळत नाही.

दोन सेकंदांची किंमत

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या जकातीचा हिशेब मांडण्याचा मोह आवरत नाही. समजा, एका कचेरीत चाळीस कर्मचारी आहेत. प्रत्येक जण दिवसातून बारा वेळा एखादी आज्ञावली उघडतो आणि दर वेळी पाच सेकंद सक्तीच्या पडद्यापुढे थांबतो. माणशी रोजचे साठ सेकंद म्हणजे एक मिनिट झाले. कचेरीचे मिळून चाळीस मिनिटे. कामाचे अडीचशे दिवस धरले तर वर्षाकाठी दहा हजार मिनिटे, म्हणजे १६६ तास ४० मिनिटे होतात. आठ तासांच्या हिशेबाने एका कर्मचाऱ्याचे जवळजवळ एकवीस दिवस या स्वागत-समारंभात खर्ची पडले. हे वेतन कचेरीने दिले, आणि लाभ मात्र जाहिरातदाराच्या पदरात गेला.

वस्तू घेताना माणूस पैशाबरोबर वेळही मोजतो, ही गोष्ट गॅरी बेकर यांनी १९६५ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात अर्थशास्त्राच्या चौकटीत बसविली. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले. माहिती जेथे उदंड होते तेथे माणसाचे अवधान दुर्मिळ होते, हे त्यांचे प्रतिपादन होते. जी वस्तू दुर्मिळ, तिला किंमत असावयास हवी. प्रत्यक्षात मात्र दुसऱ्याचे अवधान वापरणाऱ्याला एका पैचाही भुर्दंड पडत नाही. एखाद्या उद्योगाने समाजावर टाकलेला खर्च त्याच्या स्वतःच्या हिशेबवहीत उमटत नाही, तेव्हा ती गोष्ट प्रमाणाबाहेर घडत राहते, हे पिगू यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते. गावच्या गायरानात चराईला मोल नसले की प्रत्येक जण आपले आणखी एक ढोर सोडतो आणि अखेर गवताची काडीही उरत नाही. आपल्या अवधानाचे आज तसेच गायरान झाले आहे.

त्यात आणखी एक गुंता आहे. बाजारात गिऱ्हाईक नाराज झाले तर दुसऱ्या दुकानात जाते, आणि या भयाने दुकानदार सरळ वागतो, असे आम्ही वर्गात शिकवितो. परंतु कचेरीतील अथवा महाविद्यालयातील आज्ञावली विकत घेणारा वेगळा असतो आणि वापरणारा वेगळा. खरेदी समितीने एकदा सही केली की तिला तो पडदा पुन्हा पाहावा लागत नाही; तो पाहतो परीक्षा विभागातील कारकून, आणि त्याला दुकान बदलण्याचा अधिकार नसतो. सरकारी संकेतस्थळाच्या बाबतीत तर दुसरे दुकानच नसते. अर्जाच्या अखेरच्या दिवशी एकामागून एक उघडणाऱ्या सूचनांच्या चौकटी बंद करीत बसलेल्या विद्यार्थ्याने जावे तरी कोठे? आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मधील आपल्या ग्रंथात सांगितले आहे की, संस्थेचा कारभार बिघडला असता माणसापुढे दोन मार्ग असतात. एक निघून जाणे आणि दुसरा आवाज उठविणे. जेथे पहिली वाट बंद आहे, तेथे दुसरीच अधिक जपावी लागते.

जुनी वहिवाट

खिळून बसलेल्या माणसाला काही तरी दाखवून घेण्याची ही युक्ती संगणकाने शोधलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाच्या आधी सरकारमान्य प्रचारपट व वार्तापट दाखविणे परकीय सरकारने सक्तीचे केले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि ही प्रथा नव्या रूपात पुढे चालू राहिली. चित्रपटगृहाच्या मालकाने ते माहितीपट दाखवावयाचे आणि वर त्यासाठी आपल्या निव्वळ उत्पन्नाचा एक टक्का भरावयाचा, अशी ती व्यवस्था होती. त्यांतून काही उत्तम माहितीपट देशाला मिळाले, हे मान्य केले पाहिजे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती वैध ठरविली. नागरिकाला जाणतेपणी मत बनविण्यास साहाय्य करणारी सक्ती आणि विपर्यस्त प्रचार गळी उतरविणारी सक्ती यांत न्यायालयाने केलेला भेद आजही उपयोगी पडेल असा आहे.

पण त्या सक्तीतही प्रेक्षकाला एक पळवाट होती. ज्याला वार्तापट नको असे तो बाहेर चहा घेत उभा राही आणि मुख्य चित्रपट सुरू होताना आत शिरे. ती पळवाट पुढच्या यंत्राने बुजविली. डीव्हीडीच्या तबकडीत निर्मात्याला अशी खूण ठेवता येई की, ठरावीक भाग चालू असताना घरातील रिमोटच्या कळा निकामी व्हाव्यात. माणूस ‘पुढे’ची कळ दाबी आणि पडद्यावर नकाराचे चिन्ह उमटे. तबकडी त्याने पैसे देऊन घेतलेली, यंत्र त्याचे, घर त्याचे, आणि हुकूम मात्र दुसऱ्याचा! गंमत अशी की, चोरून केलेल्या प्रतींत हा भाग बहुधा काढून टाकलेला असे. चोरीविरुद्धचा इशारा ऐकण्याची सक्ती तेवढी प्रामाणिक गिऱ्हाइकावर राहिली.

याच वहिवाटीचे सर्वांत व्यापक रूप आपण सर्वांनी अनुभवले ते फोनवरील संदेशाचे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत फोन लावताच प्रथम खोकल्याचा आवाज आणि मागोमाग सूचना ऐकू येऊ लागली. त्या दिवसांत ती आवश्यकच होती. परंतु महिने लोटले, आवाज बदलले, मजकूर बदलला, आणि ज्याला हात धुण्याचा मंत्र मुखोद्गत झाला होता त्यालाही रुग्णवाहिकेच्या चालकाशी अथवा इस्पितळातील नातलगाशी बोलण्यापूर्वी तो ऐकावा लागे. मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, लस उपलब्ध नसताना लस घ्या असे सांगणारा हा संदेश किती काळ वाजविणार, अशा आशयाची विचारणा केली. डिसेंबर २०२४ पासून सायबर फसवणुकीविरुद्धचा संदेश तसाच सुरू झाला. प्रत्येकाला तो दिवसातून आठदहा वेळा ऐकवावा, असे दूरसंचार विभागाचे सांगणे होते. लोक त्रासले, थट्टा झाली, आणि जून २०२५ मध्ये तो थांबविण्यात आला. ज्याच्या हितासाठी एवढा खटाटोप केला, तोच नागरिक संदेश कसा टाळावा याच्या युक्त्या शेजाऱ्याला विचारू लागला होता.

आंधळा होकार

येथे मूळ मुद्द्याकडे येतो. पहिल्यांदा ऐकलेली सूचना ही माहिती असते. दहाव्यांदा तीच आठवण होते. शंभराव्या वेळी तिचा नुसता गलबला होतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती खोट्या हाकेविषयी. पण खरी हाकही रोज बारा वेळा मारली तर गावकरी कूस बदलून झोपणारच.

सक्तीचे पडदे आणखी एक पाऊल पुढे जातात. त्यांच्यापुढे बसणारा माणूस ‘ठीक आहे’, ‘पुढे’, ‘परवानगी द्या’ या कळा मजकूर न पाहता दाबावयास शिकतो. कारण शंभरांपैकी नव्याण्णव वेळा त्या मजकुरात त्याच्या हिताचे काही नसते, हे त्याला अनुभवाने कळलेले असते. त्याचे बोट त्याच्या डोळ्यांच्या आधी हलते. आणि मग एके दिवशी त्याच आकाराची, त्याच रंगाची, त्याच जागी उघडणारी चौकट विचारते: तुमच्या फोनवरील संदेश आम्हांला वाचू द्यावेत काय? बोट सवयीने हलते. ठकसेनाला कुलूप फोडावे लागत नाही. वर्षानुवर्षे सभ्य कंपन्यांनी व सरकारी संकेतस्थळांनी घडविलेली सवयच त्याला दार उघडून देते. सायबर गुन्ह्यांविरुद्ध जागृती करावयाची असेल तर घोषणा वाढविण्याआधी निरर्थक पडदे कमी करणे हे अधिक फलदायी ठरेल.

आक्षेप आणि उपाय

फुकट मिळणाऱ्या ॲपने जाहिरात दाखवू नये काय, असा आक्षेप घेतला जाईल. जरूर दाखवावी; परंतु तो सौदा आहे हे आधी सांगावे, आणि पैसे भरून तो मोडण्याची मुभा ठेवावी. रोख मोजून घेतलेल्या दूरचित्रवाणी संचावर आणि फोनवर मात्र हा युक्तिवाद लागू होत नाही. तेथे किंमत दोनदा वसूल होते. लोकहिताच्या सूचनांचे काय, असाही प्रश्न येईल. त्या द्याव्यात, पण एकदा दिल्यावर ‘वाचले, पुन्हा नको’ असे म्हणण्याचा अधिकार नागरिकाला असावा. संकटाचे स्वरूप बदलले तर नवी सूचना द्यावी, आणि ती क्वचित येईल म्हणूनच वाचली जाईल.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला भुलविणाऱ्या ‘डार्क पॅटर्न’संबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत तेरा कुप्रथांची यादी आहे आणि वारंवार टोचणी लावणे ही त्यांपैकी एक आहे. हे पाऊल स्वागतार्ह खरे. परंतु ही टोचणी व्यवहार घडवून व्यापारी लाभ मिळविण्यासाठी असेल तरच तिला कुप्रथा मानण्यात आले आहे. ज्या पडद्यामागे तत्काळ विक्री नाही, जो केवळ नाव मिरवितो अथवा उपदेश करतो, तो या व्याख्येतून सुटून जातो. ही व्याख्या रुंदावली पाहिजे. वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक नसलेला प्रत्येक आरंभीचा पडदा पहिल्या भेटीनंतर कायमचा बंद करण्याची कळ त्याच पडद्यावर असावी, एवढे एक वाक्य तीत घातले तरी पुष्कळ काम होईल.

तोवर स्वस्थ बसण्याचेही कारण नाही. शाळा, महाविद्यालये, नगरपालिका आणि सरकारी कचेऱ्या दर वर्षी आज्ञावल्या खरेदी करतात. निविदेत कागदाच्या जाडीपासून खुर्चीच्या चाकांपर्यंत सर्व काही लिहिणारे आपण, ‘आरंभीचे सर्व पडदे वापरणाऱ्याला बंद करता यावेत’ ही अट लिहू शकतो. त्यासाठी कायदा लागत नाही. लागते ती फक्त खरेदी समितीत, रोज तो पडदा पाहणाऱ्या एका कारकुनाला बसविण्याची तयारी. शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी वेतनाइतका नसला तरी वेळेचा हा प्रश्न आपल्या मागण्यांच्या यादीत घालावयास हरकत नाही, कारण वेळ हेही वेतनच आहे.

बॉयलरपुढे आपण पाच मिनिटे मुकाट्याने थांबतो, कारण त्या थांबण्याला कारण आहे आणि ते कारण आपल्याला पटलेले आहे. आज्ञावली लिहिणाऱ्यांनी आणि सरकारनेही याच न्यायाने आमच्याशी वागावे. कारण सांगावे, एकदा सांगावे, आणि मग कळ आमच्या हाती द्यावी.